'मारी' बिस्किटातली मारी कोण?

प्रश्न असा आहे: 'मारी बिस्किट' मधला 'मारी' हा 'मेरी'चा अपभ्रंश आहे का, आणि लिहिताना तो सुधारून 'मेरी' करावा का?

करू नये, कारण तो अपभ्रंश नाहीच. इंग्रजांची मेरी, मराठी बायबलातली मरीया, गोव्यातली मारिया ही एकाच नावाची रूपं आहेत. त्याच नावाचा फ्रेंच उच्चार 'मारी'. पाकिटावरचं रोमन स्पेलिंगही फ्रेंच वळणाचं आहे. म्हणजे आपल्या वाण्याकडे ऐकू येतो तो उच्चार मुळाला धरून आहे.

ही मारी मात्र फ्रेंच नव्हती. ती रशियाचा झार दुसरा अलेक्सांद्र याची मुलगी, मारीया अलेक्सांद्रोव्हना. त्या काळच्या रशियन दरबारात फ्रेंच सर्रास चाले, आणि फ्रेंचमध्ये मारीयाची मारी होते. 'अलेक्सांद्रोव्हना' हे आडनाव नव्हे. अलेक्सांद्रची मुलगी, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे तिच्या आईचंही नाव मारीया अलेक्सांद्रोव्हनाच होतं. आई जर्मनीतल्या हेसे घराण्यातली. रशियाचा ऑर्थोडॉक्स हा ख्रिस्ती पंथ स्वीकारताना तिला हे नाव मिळालं. जुने संदर्भ वाचताना मायलेकींची गल्लत होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मुलीचा जन्म १८५३च्या ऑक्टोबरात, सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलो इथे झाला. ज्यात पुढे रशिया आणि इंग्लंड एकमेकांविरुद्ध लढले, त्या क्रिमियन युद्धाला तोंड फुटलं तोही हाच महिना. थोरली बहीण तिच्या जन्माआधीच, लहानपणी वारली होती. बाकी सगळे भाऊच, त्यामुळे वडिलांचा तिच्यावर फार जीव. सांभाळायला इंग्रज दाया असल्याने इंग्रजी तिला लहानपणापासून येई. तिच्या शिक्षणाकडे आन्ना त्युत्चेवा पाहत असे. कवी फ्योदर त्युत्चेव यांची ही मुलगी. आईची प्रकृती नाजूक, त्यामुळे हवापालटासाठी सतत प्रवास. १८६५मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे थोरला भाऊ, युवराज निकोलाय, वारला, तेव्हा मारीया अकरा वर्षांची होती.

१८६८मध्ये आईच्या माहेरी, हेसेमध्ये, तिची राणी व्हिक्टोरियाचा दुसरा मुलगा आल्फ्रेड याच्याशी भेट झाली. आल्फ्रेडची बहीण अ‍ॅलिस ही मारीयाच्या मामेभावाची बायको, म्हणून नात्यातलं जाणं-येणं होतंच. पण लग्न जमायला पाच वर्षं गेली. क्रिमियन युद्धाची अढी इंग्लंडच्या मनातून गेली नव्हती आणि झारला लेक इतकी दूर धाडवत नव्हती. लग्नाआधी मुलगी दाखवायला आणा, असं व्हिक्टोरियाने सुचवलं. झारने साफ नकार दिला. मला यात झारचंच बरोबर वाटतं.

२३ जानेवारी १८७४ला (रशियन पंचांगाने ११ जानेवारीला) पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये लग्न लागलं, तेही दोनदा: आधी ऑर्थोडॉक्स विधीने, मग अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या. आपल्या नऊ मुलांपैकी व्हिक्टोरिया ज्याच्या लग्नाला हजर नव्हती, असं हे एकच लग्न. पुढे सुनेला 'रॉयल हायनेस' म्हणायचं की 'इंपिरियल हायनेस', यावरून दोन घराण्यांत वाद झाला. सम्राटाची मुलगी 'इंपिरियल'च, यावर झार ठाम होता.

याच लग्नाच्या निमित्ताने लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४मध्ये एक गोल, कमी गोड बिस्किट काढलं आणि त्याला नवरीचं नाव दिलं. पुढे १९२४मध्ये पीक फ्रीनने आपल्याकडच्या ब्रिटानियात मोठा हिस्सा घेतला. नवरदेवाची खूण तर मुंबईतच आहे. लग्नाआधी, १८७०मध्ये, आल्फ्रेडने कुलाब्याजवळ रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची, म्हणजे खलाशांच्या वसतिगृहाची, पायाभरणी केली. महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आज त्याच इमारतीत आहे.

आता उपप्रश्न: इंग्रजीत मारीयाला 'ग्रँड डचेस' म्हणतात, तसं मराठीतही म्हणावं का? रशियनमध्ये झारच्या अविवाहित मुलीला 'वेलीकाया क्न्याझ्ना' म्हणतात, लग्न झालं की ती 'वेलीकाया क्न्यागिन्या' होते. इंग्रजीने दोन्हींना एकच शब्द वापरून हा फरक पुसला. 'डचेस' म्हटलं की आपल्याला ड्यूकची बायको आठवते, आणि मारीया लग्नानंतर खरोखरच डचेस ऑफ एडिंबराही झाली, म्हणजे गोंधळ दुप्पट. मी लग्नाआधीच्या मारीयासाठी सरळ 'रशियाची राजकन्या' लिहीन, आणि बिस्किटासाठी 'मारी', री दीर्घ.