‘कोम’ आणि ‘बिन’ : डब्यावरील नावांचा अन्वय

घरात पिढीजात चालत आलेल्या पितळी डब्यावर ‘अमकी कोम अमका बिन तमका, शके १७९८’ अशा धाटणीचा मजकूर कोरलेला आहे. ‘कोम’ म्हणजे जात समजून पुढचे नाव जातीचे किंवा आडनावाचे मानले, पण वंशावळीत ते कुठेच सापडत नाही, तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न आला आहे.

मूळ अरबी ‘कौम’ या शब्दाचा अर्थ लोक, जमात असा आहे हे खरे. परंतु जुन्या मराठी दस्तऐवजांत स्त्रीच्या नावापुढे येणारा ‘कोम’ ‘अमक्याची पत्नी’ एवढेच सांगतो. त्याच जागी संस्कृत ‘भर्तृ’पासून आलेला ‘भ्रतार’ हा शब्दही आढळतो. ‘बिन’ हाही अरबीच, अर्थ ‘पुत्र’ (‘बिनचूक’मधला ‘बिन’ अगदी वेगळा), आणि ‘वलद’ हा त्याच अर्थाचा दुसरा शब्द. ‘बिन’ पुत्रवाचक असल्यामुळे तो बाईच्या नावाकडे न नेता लगतच्या पुरुषनावाशी जोडावा. म्हणजे डब्यावरील तीन नावे अनुक्रमे मालकीण, तिचा नवरा आणि सासरा यांची असून, त्यांत आडनाव मुळी नाहीच.

शकात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो; वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शके १७९८ म्हणजे १८७६-७७. शेजारी संवत्सराचे नाव असेल तर ते ‘धाता’ हवे. दुसरेच असेल तर एखादा झिजलेला आकडा चुकीचा वाचला गेल्याची शंका घ्यावी. अर्थात हे साल नाव कोरल्याचे असू शकते. डबा त्याहून जुना असण्यास हरकत नाही.

वंशावळीत आता ‘अमका बिन तमका’ ही जोडी शोधावी. मात्र नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे पुढच्या पिढीत ‘तमका बिन अमका’ आणि त्यानंतर पुन्हा ‘अमका बिन तमका’ असे फिरते चक्र दिसते, त्यामुळे केवळ नावे जुळली म्हणून माणूस ओळखला असे मानणे धाडसाचे ठरेल. माझ्या मते येथे निवाडा सालानेच करावा. गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यासाठी उपयोगी पडतात, पण त्यांतील बऱ्याच मोडी लिपीत आहेत. डबा माहेरचा की सासरचा, हे मात्र ‘कोम’वरून ठरत नाही, माहेरहून आलेल्या भांड्यावरही नवऱ्याचे नाव घातले जाऊ शकते.