विचारा, सांगते : ‘तसदी’, ‘बघतो’ आणि दोन रिक्षावाले

मागच्या अंकात तोक्योच्या राजवाड्यावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. आधीच सांगून टाकते, मी परराष्ट्र खात्यातली नव्हे. पुण्यात एकतीस वर्षं जपानी शिकवली आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषीण म्हणून बसले. पंतप्रधानांच्या शेजारी कधी खुर्ची मिळाली नाही. जपानी पाहुणा ‘नाही’ न म्हणता ‘नाही’ कसं म्हणतो, एवढं मात्र जवळून पाहिलं आहे. त्या शिदोरीवर ही उत्तरं.

प्रश्न : राष्ट्रपती जपानला गेले की बातमीत ‘स्टेट व्हिजिट’ म्हणतात, पंतप्रधान गेले की ‘अधिकृत भेट’. हा फरक मानाचा की नुसता कागदावरचा? (निवृत्त शिक्षक, कराड)

गुरुजी, मानाचा आणि पंगतीचासुद्धा. जपान सरकार पाहुण्यांची चक्क प्रतवारी करतं. सगळ्यांत वर ‘कोकुहिन’, म्हणजे राष्ट्राचे पाहुणे. यात राजे, राण्या आणि राष्ट्राध्यक्षच बसतात. त्याखाली ‘कोहिन’, त्यात पंतप्रधान आणि युवराज. त्याखाली ‘अधिकृत कामकाजी’ पाहुणे, आणि त्याखाली नुसतेच ‘कामकाजी’. लग्नात मानपानाची यादी केलेल्या कुठल्याही वरमाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

कोकुहिन वर्षाला साधारण दोनच. त्यांना राजवाड्यात सम्राटांच्या हस्ते स्वागत, रात्री मेजवानी, आणि परतायच्या वेळी सम्राट आणि सम्राज्ञी स्वतः पाहुण्यांच्या मुक्कामी जाऊन निरोप देतात. मला हे शेवटचं फार आवडतं. आपल्याकडेही निरोपाच्या गप्पा दारात सुरू होऊन फाटकाशी संपतात.

आपले पंतप्रधान कितीही वजनदार असले तरी या हिशेबात कोकुहिन होऊ शकत नाहीत, कारण आपले राष्ट्रप्रमुख राष्ट्रपती. १९५८ साली राजेंद्रबाबू जपानला जाऊन आले. त्याची परतफेड म्हणून १९६० मध्ये युवराज अकिहितो आणि मिचिको भारतात आले. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची कोनशिला त्यांनीच बसवली. पुढे २०१३ मध्ये सम्राट म्हणून ते पुन्हा आले तेव्हा त्या जागी मुद्दाम जाऊन आले. जपानच्या सम्राटाने भारतात येण्याची ती पहिलीच वेळ, आणि मधे गेली होती ५३ वर्षं. मानपान सांभाळायचा म्हणजे घाई चालत नाही.

कधी कधी यजमान तयार आणि पाहुणाच येऊ शकत नाही, असंही होतं. जून १९६० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर जपानला यायचे होते. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध तोक्योचे रस्ते पेटले होते. तयारी बघायला आलेले त्यांचे प्रसिद्धी सचिव हॅगर्टी यांची गाडी हानेदा विमानतळाजवळ निदर्शकांनी अशी घेरली, की त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. दौरा रद्द झाला. मग पदावर असलेला अमेरिकी अध्यक्ष जपानच्या भूमीवर उतरायला १९७४ चा नोव्हेंबर उजाडला. ते फोर्ड. अकासाका राजवाडा तेव्हा नुकताच सरकारी अतिथिगृह झाला होता. एवढं सगळं जमून आलं, आणि सम्राटांच्या भेटीला फोर्डसाहेब जी औपचारिक पँट घालून गेले ती घोट्यापाशी आखूड! फोटोत आजही दिसते.

प्रश्न : राजवाड्याच्या मेजवानीत सुशी असते का? (गृहिणी, डोंबिवली)

नसते हो. फ्रेंच जेवण असतं. एकोणिसाव्या शतकात, सम्राट मेइजींच्या काळात पाश्चात्त्य राजदूतांसमोर ‘आम्हीही तुमच्या पंगतीला बसण्याजोगे’ हे दाखवायचं होतं, तेव्हापासूनचा तो रिवाज. मोठ्या देशाला एक मेनू आणि छोट्याला दुसरा असा पंक्तिप्रपंच राजवाड्यात करत नाहीत, ही मात्र दाद देण्यासारखी गोष्ट.

जेवणावरून आठवलं. ८ जानेवारी १९९२ ला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश जपानचे पंतप्रधान मियाझावा यांच्याकडे जेवताना त्यांच्याच अंगावर ओकले आणि खाली कलंडले. पोटाचा फ्लू होता. दुपारी ते आणि त्यांचे राजदूत सम्राट आणि युवराजांशी टेनिस खेळून हरले होते. बार्बरा बुश नवऱ्याच्या जागी बोलायला उभ्या राहिल्या आणि दोष त्या टेनिसवर ढकलला : आम्हा बुश मंडळींना हरायची सवय नाही, म्हणून यांना जास्तच लागलं! मेजवानी वाचवली ती बाईंनी.

प्रश्न : दुभाष्याच्या एका शब्दाने दोन देशांची भेट बिघडते, असं खरंच होतं का, की या नुसत्या रंगवलेल्या गोष्टी? (लेखापरीक्षक, ठाणे)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते.

सप्टेंबर १९७२. जपानचे पंतप्रधान तानाका काकुएई पेइचिंगला, म्हणजे बीजिंगला गेले. चीनशी संबंध पुन्हा जोडायचे होते. मागे युद्धाची आठ वर्षं आणि लाखो मृत्यू. २५ तारखेच्या रात्री मेजवानी झाली. तानाकांनी भाषणात म्हटलं, की आपल्या देशाने चिनी जनतेला मोठा ‘मेइवाकु’ दिला, त्याबद्दल मी पुन्हा खोल आत्मपरीक्षणाची भावना व्यक्त करतो. चिनी अनुवादात ‘मेइवाकु’चं झालं ‘माफान’. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बैठकीत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सुनावलं : चुकून एखाद्या बाईच्या झग्यावर पाणी उडालं तर आम्ही ‘माफान’ म्हणतो.

आता ‘मेइवाकु’ म्हणजे काय? मी वर्गात सांगायचे, आपल्या ‘तसदी’पासून ‘त्रासा’पर्यंत सगळा पट्टा या एका शब्दात येतो. जपानी माणूस शेजाऱ्याचं दार चुकून वाजवलं तरी मेइवाकु म्हणतो, आणि मोठा गुन्हा झाल्यावर मान खाली घालून बोलतो तेव्हाही तोच शब्द येतो. वजन शब्दात नसतं, ते मान किती झुकली यात असतं. अनुवादात मान जात नाही. चिन्यांना जे ऐकू गेलं ते साधारण महापालिकेच्या पाटीसारखं : ‘रस्त्याचे काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

म्हणून दुभाष्याला झोडपायचं का? माझा इथे ठाम विरोध आहे. असं भाषण कोणी उभ्या उभ्या करत नाही. शब्दन् शब्द आधी लिहिलेला असतो. पूर्ण माफी मागितली तर घरचे लोक अंगावर येणार, नाही मागितली तर यजमान. मग मधला, कुठेही वाकणारा शब्द काढायचा. तो वाकडा निघाला की बोट दुभाष्याकडे! आमच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. बोलणारा मुद्दाम धूसर बोलतो, आणि धूसर का ऐकू आलं म्हणून आम्हाला विचारतात.

तानाकांनी आपली बाजू मांडली, की आमच्या भाषेत ही मनापासूनची क्षमा आहे. २७ तारखेला माओंची भेट झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, की भांडण झालं का पुरतं? आणि जाताना तानाकांच्या हाती जुन्या चिनी कवितांचं पुस्तक दिलं. २९ तारखेला संयुक्त निवेदनावर सह्या झाल्या. त्यात ‘मेइवाकु’ नव्हता. युद्धाने चिनी जनतेचं जे गंभीर नुकसान केलं, त्याची जबाबदारी जपानला तीव्रतेने जाणवते, असं लिहिलं होतं. चार दिवसांत शब्द ‘तसदी’वरून ‘जबाबदारी’वर आला. पुढच्याच महिन्यात कांग कांग आणि लान लान हे दोन पांडा तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात पोचले, आणि जपानी जनता रांगा लावून उभी राहिली.

दुसरी गोष्ट १९६९ ची. जपानचे पंतप्रधान सातो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना कापडनिर्यातीच्या तंट्यावर ‘झेन्शो शिमास’ म्हटलं, ते ‘शक्य ते सगळं करतो’ असं पोचलं, निक्सन वाट बघत राहिले आणि मग संतापले. दुभाष्यांच्या वर्गात ही कथा हमखास सांगतात. सातोंचे नेमके शब्द कोणते, यावर जाणकारांत वाद आहे, म्हणून मी तिच्यावर हात ठेवून शपथ घेणार नाही. पण ‘झेन्शो शिमास’ म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावणं अगदी सोपं. आपला ‘बघतो’. नाहीतर सरकारी उत्तरातलं ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’.

माझीही एक फजिती सांगते. चाकणच्या एका छोट्या कारखानदाराकडे जपानी पाहुणे आले होते. दिवसभर सुटे भाग पाहिले, चहा झाला, शेवटी मुख्य पाहुणा हसत म्हणाला, ‘केन्तो शिमास.’ मी सांगितलं, ‘विचार करू म्हणतात.’ शब्दाला शब्द अगदी बरोबर! पण पाहुणा हसत होता म्हणून मीही हसत सांगितलं. मालकांनी त्या संध्याकाळी कामगारांना पेढे वाटले. ऑर्डर कधीच आली नाही. ‘बाई, तेव्हाच का नाही बोललात?’ असं त्यांनी पुढे विचारलं तेव्हा मला उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून ‘केन्तो’ सांगताना मी हसत नाही.

प्रश्न : जपानमध्ये परदेशी पाहुण्यावर कधी हल्ला झाला आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

झाला आहे, आणि अख्खा देश हादरला होता. रशियाचा युवराज निकोलस, हाच पुढे शेवटचा झार झाला, पूर्वेच्या सफरीवर निघाला होता. याच सफरीत डिसेंबर १८९० मध्ये तो आपल्या मुंबईतही उतरला होता. जपानात आधी नागासाकीला थांबून त्याने हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला. मग क्योतो. ११ मे १८९१ ला बिवा सरोवर पाहून ओत्सु गावातून हातरिक्षांची रांग परत निघाली होती. बंदोबस्ताला रस्त्याच्या कडेला उभा असलेला त्सुदा सान्झो नावाचा पोलीस अचानक तलवार उपसून निकोलसवर धावला. पहिला वार डोक्यावर बसला. बरोबर असलेला ग्रीसचा राजपुत्र जॉर्ज हातातली काठी घेऊन मधे पडला आणि दोन रिक्षावाल्यांनी पोलिसाला खाली पाडलं.

जखम जीवघेणी नव्हती, भीती मात्र जीवघेणी होती. रशिया केवढा आणि तेव्हाचा जपान केवढा! सम्राट मेइजी दुसऱ्याच दिवशी रेल्वेने क्योतोला निघाले. पुढे कोबे बंदरात रशियन जहाजावर जेवायलाही गेले. ते लोक सम्राटांना पळवून नेतील या धास्तीने मंत्री कासावीस झाले होते. यामागाता प्रांतातल्या एका खेड्याने ठराव केला, की यापुढे गावात कुणी ‘त्सुदा’ आडनाव किंवा ‘सान्झो’ नाव ठेवायचं नाही. हाताकेयामा युको नावाच्या एका तरुण मोलकरणीने क्योतोच्या सरकारी कचेरीसमोर गळा चिरून घेतला. देशाच्या वतीने क्षमा म्हणून. तिची गोष्ट वाचताना मला दर वेळी रागच येतो. चूक कुणाची आणि जीव कुणाचा!

सरकारला त्सुदाला फाशी हवी होती. राजघराण्यातल्या व्यक्तीवरच्या हल्ल्याचं कलम लावा म्हणून न्यायाधीशांवर दडपण आलं. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोजिमा इकेन हटले नाहीत. ते कलम जपानी राजघराण्यापुरतं, परदेशी युवराजाला लागू नाही, असा त्यांचा आग्रह. शेवटी खुनाच्या प्रयत्नाबद्दल जन्मठेप झाली. परराष्ट्रमंत्री आणि गृहमंत्री पायउतार झाले. त्सुदा त्याच वर्षी होक्काइदोच्या तुरुंगात मेला.

आणि ते दोन रिक्षावाले? रशियाने त्यांना प्रत्येकी २,५०० येन रोख आणि वर्षाला १,००० येन पेन्शन दिलं. जपान सरकारनेही वर्षाला ३६ येन दिले. आकड्यांतला फरक बघा! एकाने पैसा जपला, जमीन घेतली, गावात प्रतिष्ठित झाला. दुसऱ्याने जुगारात आणि बायकांवर उडवला. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध पेटलं आणि रशियाचं पेन्शन दोघांचंही बंद पडलं.

प्रश्न : मावशी, माझी जपानीची एन-थ्री परीक्षा झाली आहे. अशा मोठ्या भेटींत दुभाषी व्हायचं तर काय करू? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

बाळ, पहिली गोष्ट ही, की तिथे बाहेरून माणूस सहसा घेत नाहीत. जपानच्या बाजूने त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयातले अधिकारीच हे काम करतात. आपल्याकडे परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावर प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावी लागते आणि काहींच्या वाट्याला जपानी येते. तो एक रस्ता, पण यूपीएससीच्या डोंगरावरून जाणारा. कारखाने, रुग्णालयं, मेट्रो आणि बुलेट ट्रेनच्या कामांत मात्र माणसं हवी आहेत. मुंबई-अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरमधली चार स्थानकं महाराष्ट्रात आहेत आणि जपानी अभियंत्यांना मराठी येत नाही.

दुसरी गोष्ट, दोन्ही भाषांतले नकार आधी शिक. होकार कुणालाही कळतात.

तुला एक दुभाषी सांगते, जिचा कुठे फारसा उल्लेख होत नाही. दुसऱ्या महायुद्धात उएनोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती मेले होते. तोक्योच्या शाळकरी मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली. १९४९ मध्ये नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण पाठवली, नाव मुलीचं ठेवलं, इंदिरा. हत्तीण पोचली, पण जपानी माहुतांच्या आज्ञा तिला कळेनात, कारण तिला येत होती कन्नड. बरोबर गेलेल्या माहुतांकडून जपानी रखवालदार कन्नड आज्ञा शिकले आणि मग गाडी रुळावर आली. १९५७ मध्ये नेहरू अधिकृत दौऱ्यावर गेले तेव्हा मुलीला घेऊन तिला भेटायला गेले होते. दोन इंदिरा समोरासमोर. त्या भेटीत कोण कुठल्या भाषेत बोललं हे विचारायला मला फार आवडलं असतं.

डिसेंबरच्या एन-टूचा फॉर्म भरायची मुदत चुकवू नकोस.