भाड्याच्या घरात चुकून नुकसान झालं तर मालक सगळं डिपॉझिट ठेवून घेऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की दापोलीत भाड्याच्या घरात कढईतल्या तेलाने पेट घेतला, ओट्यामागच्या टाइल्स तडकल्या, भिंत काळी झाली. आता मालक म्हणतात, अख्खा ओटा आणि स्वयंपाकघराचं छप्पर नवीन करून द्या, डिपॉझिट विसरा. मी भाडेकरू नाही, घरमालक आहे. तरी सांगतो, विसरू नका.

टाइल्स, त्या भिंतीचा रंग आणि गवंड्याची मजुरी तुम्ही द्यायची, कुरकुर न करता. चुकून झालं हे खरं असलं तरी भिंत मालकाची आहे. पण छप्पर कशासाठी? छपराला तेलाने काय केलं?

हाच छपराचा वाद माझ्या घरात झालाय, म्हणून लिहायला बसलो. गुहागर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे, जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. मोठा भाऊ डोंबिवलीला, मी इथे. मागची बाजू एका गुरुजींना भाड्याने दिली होती. माणूस लातूरकडचा, मे महिन्यात राहायला आलेला, कोकणातला पहिलाच पावसाळा. पहिल्याच वादळी सरीत डिशची छत्री कलली म्हणून ते स्वतः कौलांवर चढले. कौलांवर पाय कुठे द्यायचा हे इथल्या पोरांना लहानपणापासून माहीत असतं, खाली वासा, म्हणजे छपराचं जाड लाकूड, असेल तिथेच. गुरुजींना कोण सांगणार? त्यांनी मधेच पाय दिला. कौलं फुटली, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) मोडल्या, आणि सावरायला म्हणून वाशावर भार टाकला तर वासाही मोडला. नशीब, माणूस खाली आला नाही.

काळोख पडायच्या आत त्यांचा फोन आला. "काका, माझ्या हातून छप्पर मोडलंय, तुम्ही लगेच या." मी गेलो, आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री टाकली. मग मोडलेला वासा हातात घेऊन बघितला. आतून पोकळ, वाळवीच्या मातीने भरलेला. शाकारणीला, म्हणजे कौलं नीट बसवून घ्यायला, तीन-चार गडी एकदम छपरावर बसतात, चांगला वासा एका माणसाच्या भाराने मोडत नाही. तो पोखरायला वाळवीला वर्षं लागली असणार. गुरुजींचा त्यात काय संबंध?

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "पंधरा हजार डिपॉझिट आहे ना, ते ठेवून घे. वरचे पण त्याच्याकडूनच घे. यंदा सगळी कौलं उतरवून पत्रे घालू." मी नाही म्हटलं. कौलं, रिपा आणि शाकारणीच्या गड्याची मजुरी गुरुजींकडून घेतली, वाशाचा खर्च घराचा म्हणून धरला. गणपतीला दादा आला तेव्हा सगळ्यांसमोर मला विचारलंन, "तू घराचा की भाडेकरूचा?" मी घराचाच आहे. घराचा आहे म्हणूनच माहीत आहे, कुठलं लाकूड कधीपासून खराब होतं. गुरुजींनी ते लपवलं असतं, आणि महिनाभर पाणी आत झिरपून भिंत बसली असती, तर मी दादाच्या बाजूने उभा राहिलो असतो. कळवलं म्हणून ते तेवढ्यावर सुटले. तुम्हीही कळवलंय, ते फार महत्त्वाचं आहे.

कायदाही दादाच्या बाजूने नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, त्याचं कलम १०८ बघा. घर घेतलं तशा स्थितीत परत द्यायचं, पण नेहमीच्या वापराची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती वगळून. भाडेकरूच्या हातून काही बिघडलं आणि मालकाने तशी नोटीस दिली, तर तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं. आता कोकणातली झीज म्हणजे काय? खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजतात, भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. यातलं काहीही भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तुमच्याच दापोली-मंडणगडात छपरं उडाली, ती काय भाडेकरूंनी उडवली? आणि पंधरा वर्षं वापरलेल्या ओट्याचे नव्या ओट्याएवढे पैसे मागणं हे मला लबाडीच वाटतं. मालक असूनही वाटतं.

छप्पर आधीपासून गळत असेल तर ती दुरुस्ती मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४, तो तुमच्या गावाला लागू असेल तर. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत त्यांनी केली नाही, तर तुम्ही करून भाड्यातून वळती करू शकता, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वाद झाला म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही, ते कलम २९. आणि करार लेखी करून नोंदवणं ही कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. आमचा करार दादाने स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी करून ठेवला होता, नोंदवला नव्हता. गुरुजी कोर्टात गेले असते तर दादाच्या हातात काय होतं?

एक सांगायचं राहिलं. तुमच्या करारावर 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे राहायची नुसती परवानगी) लिहिलेलं असेल, बहुतेक असतंच, तर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही. मग १०८ किंवा १४ सरळ लागू होत नाही, आधी करारातल्या अटी बघतात. त्यात 'डिपॉझिट जप्त' असं असलं तरी करार कायदा, १८७२, कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली सगळी रक्कम आपोआप नाही. रक्कम मोठी असेल तर दापोलीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा.

जळलेल्या भागाचे आणि छपराचेही फोटो आजच काढून मालकांना पाठवा, सोबत गवंड्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या. गवंडी आत्ताच धरा. गणपतीच्या तोंडावर इथे ना गवंडी मिळतो ना रंगारी, आणि तीन महिने तेवढ्यात निघून जातात.