हळद्या एक की दोन?

प्रश्न : माझ्याकडील पक्ष्यांवरच्या जुन्या पुस्तकात हळद्याचे शास्त्रीय नाव ‘ओरिओलस ओरिओलस’ असे दिले आहे, तर नव्या पुस्तकात ‘ओरिओलस कुंडू’ असे छापले आहे. यांपैकी चूक कोणते?

उत्तर : दोन्ही पुस्तके आपापल्या काळी बरोबरच होती. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये युरोपातल्या हळद्याला नाव दिले; दख्खनमध्ये नोकरीला असलेले लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी इथल्या पक्ष्याचे ‘कुंडू’ या नावाने स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले ते 1832 मध्ये. पुढे दीर्घकाळ कुंडूला युरोपीय हळद्याची केवळ उपजात मानले गेले. 2005 मध्ये रासमुसेन आणि अँडरटन या पक्षी-अभ्यासकांनी पिसाऱ्यातील, शरीराच्या ठेवणीतील व आवाजातील फरक दाखवून तो पुन्हा वेगळा केला, म्हणजे एका अर्थी साइक्स यांचेच म्हणणे पावणेदोनशे वर्षांनी मान्य झाले.

नर ओळखायचा असेल, तर आधी डोळ्याकडे पाहावे. युरोपीय नराची काळी पट्टी चोचीपासून निघून डोळ्यापाशीच संपते. भारतीय नराची मात्र डोळा ओलांडून मागे जाते, जणू काजळाची रेघ बाहेर ओढली आहे. भारतीय नराच्या काळ्या पंखांवर पिवळा रंगही अधिक असतो, विशेषतः आतल्या पिसांच्या रुंद कडांवर. माद्या आणि पिल्ले दोन्हींकडे हिरवट व खालून रेघाळ असल्याने तिथे जाणकारांनाही घाई करता येत नाही.

पंखांच्या लांबीतला फरक मला सर्वांत बोलका वाटतो. युरोपीय हळद्या हिवाळ्यात सहारा ओलांडून आफ्रिकेत जातो आणि त्याचे पंख लांब व टोकदार आहेत. मध्य आशियापासून भारतीय उपखंडापर्यंत वीण करणाऱ्या कुंडूचे पंख तुलनेने आखूड आहेत, कारण त्याच्या उत्तरेकडील थव्यांचा हिवाळी प्रवासही द्वीपकल्पापाशी संपतो. (काळ्या डोक्याचा हळद्या या वादात येतच नाही, त्याचे सबंध डोके काळे असते.)

जुन्या पुस्तकात नाव दुरुस्त करण्यापूर्वी त्यातले नराचे चित्र मात्र नीट पाहावे. पट्टी डोळ्यापाशी थांबलेली असेल, तर चित्रकाराने युरोपातलाच पक्षी रंगवला आहे, आणि मग त्याखालचे जुने नाव खोडण्याचे कारण उरत नाही.