ट्रोम्सो ते लॉंगयिअरब्येन : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सोहून स्वालबार्ड द्वीपसमूहातील लॉंगयिअरब्येनला जाण्याचा आमचा विचार आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोऱ्याने मोजले असता हे अंतर पुणे–दिल्ली अंतराच्या पावणेतीन पट भरले. वेळापत्रकात मात्र विमान पावणेदोन तासांच्या आतच पोहोचते. दोन्ही गावांच्या घड्याळांतील फरकामुळे असे दिसते का? विमानाखेरीज दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वेळापत्रक बरोबर आहे आणि घड्याळांचा येथे काहीही संबंध नाही, कारण दोन्ही गावे नॉर्वेचीच प्रमाणवेळ पाळतात. आपल्या दोऱ्याचेही काही चुकलेले नाही; गफलत नकाशाची आहे. घरोघरी दिसणारा आयताकृती नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. खलाशांच्या सोयीसाठी 1569 मध्ये तयार झालेल्या या पद्धतीत दिशा अचूक राहतात, पण ध्रुवांकडे जावे तसतशी अंतरे ताणली जातात. प्रत्यक्षात रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत जातात, त्यामुळे दोन लगतच्या रेखांशांमधील जे अंतर पुण्याच्या अक्षांशावर सुमारे 105 किलोमीटर असते, ते लॉंगयिअरब्येनजवळ जेमतेम 23 किलोमीटर उरते. नकाशा मात्र ती समांतर काढतो आणि आकार बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही त्याच पटीत वाढवतो. पुण्याजवळ हा ताण नगण्य असतो, ट्रोम्सोला तो जवळजवळ तिप्पट आणि लॉंगयिअरब्येनला पावणेपाचपटीहून अधिक होतो.

अशा ठिकाणी दोरा बाजूला ठेवून अक्षांश पाहावेत. ट्रोम्सो सुमारे 69.7 आणि लॉंगयिअरब्येन 78.2 उत्तर अक्षांशावर असून त्यांच्या रेखांशांत तीन-साडेतीन अंशांचाच फरक आहे. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कोठेही साधारण 111 किलोमीटरचा असल्याने साडेआठ अंशांचे साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर होतात. सरळ हवाई अंतर सुमारे 960 किलोमीटर आहे, म्हणजे पुणे–दिल्ली या साधारण 1,150 किलोमीटरच्या अंतरापेक्षाही कमी. ताशी 800 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला ते कापण्यास सव्वा तास पुरेसा आहे. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांत उरलेला वेळ जातो. ऑस्लोहून थेट गेल्यास मात्र अंतर दोन हजार किलोमीटरच्या थोडे पुढे जाते आणि सुमारे तीन तास लागतात.

मध्ये समुद्र असल्याने रस्ता किंवा रेल्वे नाही. उन्हाळ्यात क्रूझ जहाजे जातात, पण दोन गावांमधला प्रवास एवढाच हेतू असेल तर त्यांचा विचार करू नये.

आपण विचारलेले नसले तरी एक बाब उड्डाणाच्या वेळेहून महत्त्वाची आहे. स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व असले तरी तो शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे, म्हणून ट्रोम्सोला पारपत्र तपासणी होते आणि परतताना शेंगेनमध्ये नव्याने प्रवेश केल्याची नोंद होते. भारतीय प्रवाशाने त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा नव्हे, तर किमान दोनदा प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसा मागावा, आणि अर्ज भरतानाच स्वालबार्डचा उल्लेख करावा.