सत्त्याऐंशी फॉर्म, पण कोणाचे?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली, एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुशोधप्रबंधासाठी 'ठिबक सिंचन आणि केळी उत्पादक' हा विषय घेतला. सरांनी संख्यात्मक पद्धत वापरायला सांगितली आहे. मी गूगल फॉर्म करून गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ८७ उत्तरं आली, त्यातले ७१ जण म्हणतात ठिबकमुळे उत्पन्न वाढलं. मैत्रीण म्हणते, निदान ३०० फॉर्म हवेत. ३०० च का, ते कोणी सांगत नाही. मॅडम, ८७ वर भागेल का?

उत्तर : बेटा, आधी ते ३०० कुठून येतात ते बघू. तुझ्या निवडलेल्या गावांत केळी लावणारे १,२०० शेतकरी आहेत असं धर. चूक ५ टक्क्यांच्या आत ठेवायची आहे. ०.०५ चा वर्ग ०.००२५. त्याने १,२०० ला गुणलं की ३ येतात, त्यात १ मिळवला की ४. १,२०० भागिले ४, झाले ३००. हे संख्याशास्त्रज्ञ यामाने यांचं सूत्र. आता १,२०० च्या जागी २ लाख घालून बघ, उत्तर ४०० च्या आतच राहील.

पण हे सूत्र एका अटीवर चालतं. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. तुझा फॉर्म कोणी भरला? ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे, जो ग्रुपमध्ये आहे आणि ज्याला ठिबकबद्दल काही सांगावंसं वाटलं, त्याने. असे ८७ चे ८७० झाले तरी कल तोच राहणार.

मी स्वतः यातून गेले आहे. नोकरीच्या सुरुवातीला साक्री तालुक्यात शेतमजुरांच्या कामाच्या दिवसांची पाहणी करायला जायचे. सकाळी ११ ची एसटी, दुपारभर फॉर्म, संध्याकाळी परत. चार दिवसांत ४० फॉर्म झाले, मला समाधान वाटलं. पाचव्या दिवशी ओट्यावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, आते गावमा कोन भेटी तुले? समदा कापूस येचाले गयात." माझे चाळीसही फॉर्म घरी राहिलेल्यांचे होते, म्हणजे ज्यांना काम कमी त्यांचेच. ते सगळे बाजूला ठेवले आणि सकाळी सहाला व दिवेलागणीला पुन्हा दारोदार गेले. आकडा पार बदलला. त्या आजी भेटल्या नसत्या तर मी चुकीचा अहवाल पूर्ण विश्वासाने लिहिला असता, हे आजही मला टोचतं.

हा एका बाजूला झुकणारा दोष किती बारीक असतो ते पीक कापणी प्रयोगात दिसतं, म्हणजे शेतातला मोजलेला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज घेतात त्यात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण काठ. तुकड्याच्या दोरीवर आलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणूस ते आत घेतो. १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्यात एका चौरस मीटरमागे ४ मीटर काठ येतो, १० बाय ५ मीटरच्या तुकड्यात फक्त ६० सेंटिमीटर. असे लहान तुकडे हजार कापले तरी ती वाढ सरासरीत विरत नाही, कारण प्रत्येक तुकडा त्याच बाजूला चुकतो.

म्हणून तू यादीपासून सुरुवात कर. तलाठ्याकडून खातेदारांची यादी मिळव, केळीवाले वेगळे काढ. १,२०० नावं निघाली तर ३०० साठी दर चार नावांत एक घ्यायचं, म्हणून १ ते ४ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचल. ३ निघाली तर तिसरं, सातवं, अकरावं असं जात राहा. सातबाऱ्यावर निमबटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, करणारा माणूस नसतो, हे ध्यानात ठेव. तो गावात विचारूनच कळेल आणि तो सुटला तर त्याची केळी तुझ्या अभ्यासातून गेली.

आता तुझा प्रश्न, 'उत्पन्न वाढलं का?' आपल्याकडे उत्पन्न म्हणजे कोणाला क्विंटल वाटतं, कोणाला रुपये. भाव चढला त्या वर्षी माल तेवढाच असूनही माणूस 'हो' म्हणेल. शिवाय केळीवाला एकरात बोलत नाही, 'पाच हजार खोडं लावली' म्हणतो. त्याच्याच मापात विचार : खोडं किती लावली, घड किती कापले, घडाचं सरासरी वजन किती किलो बसलं, बाग मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) की कांदेबाग (पावसाळा संपताना लावलेली). मृगबाग आणि कांदेबाग एकत्र मिसळल्या तर फरक ठिबकचा की हंगामाचा, ते कळणार नाही. आधी वीस जणांकडे जाऊन प्रश्न तपासून घे. जिथे माणूस 'म्हणजे कसं?' म्हणतो, तो प्रश्न बदल.

ठिबक नसलेल्यांनाही विचारायला हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि ठिबकवाल्याकडे बहुधा टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आणि चांगली विहीरही असते. त्यांची नोंद घेतली नाहीस तर विहिरीचं श्रेय नळ्यांना जाईल.

८७ फॉर्म फेकू नकोस. प्रश्न सुधारायला ते कामाला येतील, टक्केवारी काढायला नाही.

प्रश्न : एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येत नाही. अडेल का? (धुळ्याचा एक विद्यार्थी)

उत्तर : अजिबात नाही. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणारी) हे सगळं एक्सेलमध्ये होतं. त्याआधी प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघ. कुठे घडाचं वजन २२० किलो दिसलं, तर मूळ फॉर्म काढ. तिथे बहुतेक २२.० लिहिलेलं सापडेल.