घरी एक कुत्रा न् दोन मांजरी, राहतो वर्ध्याजवळच्या खेड्यात. व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा?

वॅटच्या आकड्याला भुलू नका जी. मशीन वीज किती खाते ते त्यातून कळतं, ओढ (हवा न् कचरा खेचायची ताकद) नाही. ओढ किलोपास्कलमध्ये (दाबाचं माप) पाहा. केसांसाठी मोटरवर फिरणारा ब्रश असलेलाच घ्या. साध्या तोंडानं गादीत रुतलेला मांजरीचा केस निघत नाही, आमच्या दिवाणावर करून पाहिलं. मात्र ब्रशला केस गुंडाळतात, ते कात्रीनं कापावे लागतात. तो ब्रशचा रोलर सहज निघतो का, हे दुकानातच काढून पाहा. फिल्टर हेपा हवा (०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो), ‘हेपासारखा’ लिहिलेला सोडा. लाइनचा भरवसा नसेल तर बॅटरीवाला. आणि घरात कापूस भरला असेल त्या खोलीत मशीन नेऊच नका, फिल्टर लगेच तुंबतो. तिथं आपला फडाच (झाडू) बरा.